पब्लिश यशस्वी, फोल्डर रिकामं

आमच्या धंद्यातला सगळ्यात बेभरवशाचा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘यशस्वी’ असं सांगेन. चूक झाली की कॉम्प्युटर लाल अक्षरांत ओरडतो, ते परवडतं. निदान दुखणं कुठं आहे ते कळतं. पण ‘पब्लिश यशस्वी’ अशी ओळ पडद्याच्या खाली उमटते, आपण निवांतपणे फोल्डर उघडून बघतो आणि आत एकही फाईल नसते, तेव्हा काय करावं ते सुचत नाही. माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, मग शेजारच्यावर, आणि मशीनवर सगळ्यात शेवटी.

वर्ध्यासारख्या गावात राहून मी आयुष्यभर हेच काम केलं. माझ्या शेजारी बऱ्याच वर्षांपर्यंत माधुरी बसायची. हे लिहायला बसले तेव्हा कामाबद्दलच लिहायचं असं ठरवलं होतं. पण त्या कामातली कुठलीही गोष्ट आठवायला गेलं की तिच्यापासूनच सुरू होते.

आमचं ऑफिस स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. मालक श्रीकांतभाऊ. आधी ते मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, मग नोकरी सोडून त्यांनी दुकानदारांना आणि छोट्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून द्यायचा उद्योग काढला. गिऱ्हाईक आणायचं काम त्यांचं. माधुरी प्रोग्राम लिहायची. आणि मी तो प्रोग्राम ‘पब्लिश’ करायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर चालेल असा त्याचा पक्का संच बनवायची, तो गावोगावी नेऊन बसवायची आणि नंतर येणारे फोन घ्यायची. मी देवळीजवळच्या खेड्यातली, घरी शेती. माधुरी वर्ध्यातलीच, वडील टपाल खात्यात. आम्ही दोघींनी नव्वदच्या दशकात एकाच क्लासमध्ये कॉम्प्युटरची पदविका केली आणि एकाच आठवड्यात श्रीकांतभाऊंकडे लागलो. मुलाखतीत त्यांनी मला एवढंच विचारलं की एसटीनं एकटी फिरशील का. मी हो म्हटलं.

पब्लिश म्हणजे काय, हे मला सगळ्यात नीट सांगता आलं ते गोविंदशेठना. त्यांचं समुद्रपूरला जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. त्यांनी एकदा विचारलं, प्रोग्राम तर लिहून झाला म्हणता, मग अजून दोन दिवस कशाला पाहिजेत? मी म्हटलं, शेठजी, माधुरीनं लिहिला तो बैलबंडीतला कापूस. त्यात सरकी आहे, काडीकचरा आहे. तो तसाच तुमच्या गिऱ्हाइकाला पाठवता का? आधी जिनमधून काढता, प्रेसमध्ये दाबता, गाठ बांधता, वर शिक्का मारता. माझं काम ते. शेठजी खूश झाले. त्यानंतर फोन आला की विचारायचे, “काय बाई, गाठ बांधली का आमची?”

सुरुवातीला ही गाठ फ्लॉपीवर जायची. एका प्रोग्रामला फ्लॉप्यांची चळत लागायची आणि त्यातली एक जरी रुसली तरी सगळं मुसळ केरात. देवळीला बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांना नवा संच देऊन आले. दिवाळी झाल्यावर त्यांचा फोन आला की मशीन तुमची फ्लॉपी घेत नाही. गेले तर प्रत्येक फ्लॉपीवर हळदकुंकवाचं बोट, आणि पहिलीच्या पत्र्याच्या झडपेत एक अक्षत. त्यांनी मनोभावे पूजा केली होती. परत येऊन माधुरीला सांगितलं तर ती हसता हसता टेबलावर डोकं ठेवून बसली. पुढं कितीतरी दिवस एखादा प्रोग्राम चालला नाही की ती मला म्हणायची, “पाह्य वं, आत तांदूळ अडकला असन.”

पुढं सीडी आल्या, नवी साधनं आली. प्रोग्राम ज्या साधनात लिहायचो त्यातच ‘पब्लिश’ असं बटण आलं. एक दाबलं की सगळी गाठ आपोआप बांधली जायची. आणि तेव्हाच हे मुक्यानं फसवणं सुरू झालं. हातानं करत होतो तेव्हा कुठं काय राहिलं ते आपल्याला ठाऊक असायचं. बटणानं केलेलं काम बटणालाच ठाऊक.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही दोघी ऑफिसात होतो. मी बटण दाबलं, यशस्वी झालं, फोल्डर उघडलं, तर मुख्य फाईलच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. माधुरी मागून बघत होती. ती म्हणाली की आत्ता फाईल होती, मी पाहिली. मी म्हटलं, तुला भास झाला. ती हट्टाला पेटली. शेवटी असं ठरलं की मी नुसतं बटण दाबायचं आणि तिनं फोल्डरवरची नजर काढायची नाही. घरात उंदीर शिरल्यावर एकीनं काठी आपटायची आणि दुसरीनं बिळाशी बसायचं, तशा आम्ही बसलो. मी दाबलं. ती एकदम माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, “आली. गेली.”

फाईल खरोखरच तयार होत होती आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीशी होत होती. तिला गिळणारा आमच्याच मशीनवरचा अँटीव्हायरस होता. नवी, अनोळखी फाईल दिसली की त्याला ती चोर वाटायची, आणि तो गुपचूप उचलून आपल्या कोठडीत टाकायचा. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. मग आम्ही त्याला सांगून ठेवलं की या फोल्डरात जे जन्मेल ते आमचं आहे, हात लावू नको. एवढंसंच काम. पण त्या दुपारी आम्ही चहा मागवला, खाली कापडाच्या दुकानात लग्नाचा बस्ता चालला होता, त्यांचे आवाज वर येत होते, आणि आम्ही मोठी शिकार केल्यासारख्या बसून होतो. मला आजही एखादी दुपार परत मागायला सांगितली तर मी तीच मागेन.

आता समुद्रपूरची गोष्ट सांगते.

गोविंदशेठच्या जिनिंगला शेतकऱ्यांच्या गाड्या येतात, त्या वजनकाट्यावर चढतात. भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी म्हणजे कापूस. ही वजाबाकी आमचा प्रोग्राम करायचा. काट्याच्या डब्यातून एक वायर कॉम्प्युटरला जायची, वजन आपोआप यायचं, माणसाला आकडा टाइप करायची सोय आम्ही मुद्दामच ठेवली नव्हती. आधीच्या हंगामात एकदा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि शेठजींच्या मुनीमजींनी हातानं चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यात कुणाचं वजन कमी लागलं म्हणून मोठा तंटा झाला होता. खरं काय ते देव जाणे. पण तेव्हापासून शेतकरी छापील चिठ्ठीशिवाय गाडी खाली करायला तयार नव्हते.

त्या वर्षी शेठजींनी नवा काटा बसवला. नवा काटा वजन वेगळ्या पद्धतीनं पाठवायचा, म्हणून प्रोग्राम बदलावा लागला. तो काटा नेमका कसा बोलतो हे तिथं जाऊनच कळणार होतं. त्यामुळे असं ठरलं की खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशी माधुरीनं पहाटेच्या गाडीनं समुद्रपूरला जायचं, वायर लावून बघायचं आणि काय बदल करायचा तो मला फोनवर सांगायचा. मी इकडे तो बदल करून, पब्लिश करून, सीडी घेऊन निघायचं.

सकाळी तिचा फोन आला. मागून बैलांच्या घुंगरांचे आणि ट्रॅक्टरचे आवाज येत होते. तिनं दोन ओळी सांगितल्या, मी त्या टाइप केल्या, तिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली आहे आणि आभाळ भरून आलं आहे. दिवाळीच्या तोंडावरचं ते अवेळी आभाळ. बंडीतला उघडा कापूस भिजला तर त्याचा रंग जातो, मग त्याला कोणी भाव देत नाही. ती एवढंच म्हणाली, “लवकर येजो.” मी म्हटलं, निघालेच.

बटण दाबलं. यशस्वी. फोल्डर उघडलं. रिकामं.

मला वाटलं, अँटीव्हायरसच. तो पूर्ण बंद केला. पुन्हा दाबलं, यशस्वी, रिकामं. वाटलं, फोल्डरची जागा चुकली असेल, फाईली दुसरीकडे पडत असतील. सगळ्या मशीनवर शोध घेतला. पब्लिशची आजच्या तारखेची एक फाईल नाही. जागा बदलून सरळ डेस्कटॉपवर टाकायला सांगितलं. यशस्वी. तिथंही काही नाही. फोल्डरसुद्धा तयार झालं नाही. मशीन बंद करून चालू केलं. तेच. प्रत्येक वेळी ती ओळ उमटायची आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा जास्त शांतपणे उमटल्यासारखी वाटायची.

श्रीकांतभाऊ माझ्या मागं उभे होते. तेवढ्यात शेठजींचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, ते घाबरलेले होते, आणि ते मला जास्त लागलं. म्हणाले, “बाई, पूजा झाली, नारळ फुटला. गाडी काट्यावर चढून राह्यली. आता मी त्याहीले काय सांगू?” भाऊंनी फोन घेतला आणि काहीतरी समजूत घातली. मला त्यांनी हलक्या आवाजात आठवण करून दिली की थोड्या वेळानं आपल्याकडे भारनियमनाची वेळ आहे, लाइट जाईल.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. मुनीमजींनी सुचवलं की आजच्या दिवस हातानं चिठ्ठ्या देऊ. रांगेत पहिली गाडी वामनराव नावाच्या वयस्क शेतकऱ्याची होती. ते म्हणाले, हातची चिठ्ठी नको. मागचे लोकही तेच म्हणू लागले, आवाज वाढले. शेठजी आत गेले आणि बाहेर काट्याजवळ माधुरी एकटी राहिली. ती मुळात भिडस्त. गिऱ्हाइकाच्या फोनलासुद्धा माझ्याकडे बघायची. तिथं ती काट्याच्या कठड्यावर चढली आणि तिनं लोकांना होतं तसं सांगितलं. तुमच्या चिठ्ठीचा प्रोग्राम वर्ध्याला बनून राह्यला, मशीन म्हणते झाला, पण झाला नाही, माझी मैत्रीण शोधून राह्यली, सापडला की घेऊन येते, किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. एवढंच. वामनरावांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खोटी वेळ नाई सांगितली तू पोरी. थांबतो आम्ही.” त्यांनी आपली गाडी काट्यावरून उतरवली नाही, पण बैल सोडले आणि त्यांना वैरण टाकली. ते पाहून मागच्यांनीही सोडले. शेठजींनी गोदामातल्या ताडपत्र्या काढून दिल्या आणि लोकांनी एकमेकांच्या गाड्या झाकल्या.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी त्या मशीनपुढं बसले होते आणि माझ्या मनात राहून राहून येत होतं की माधुरी असती तर तिनं बघितलं असतं. मी दाबलं असतं आणि तिनं बघितलं असतं. शेवटी मी ठरवलं की आपण दोघी आहोत असं समजायचं. बटण दाबून मी हात मांडीवर घेतले आणि फोल्डरकडे न बघता पडद्याच्या अगदी तळाशी जो बारीक मजकूर सरकतो, तो ओळीनं वाचू लागले. तो आम्ही कधी वाचत नसू. सगळ्यात शेवटी ‘यशस्वी’ येतं, तेवढंच बघायचो. त्याच्या वर एक हिशेब होता. चुकले, शून्य. वगळले, एक.

वगळले.

आमच्या प्रोग्रामचे दोन भाग होते. एक काट्याचं वजन वाचणारा छोटा भाग, आणि एक चिठ्ठी छापणारा मुख्य भाग. गाठ बांधली जायची ती मुख्य भागाचीच, छोटा त्याच्या पोटात. साधनामध्ये कुठंतरी आत एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक भागापुढं एक चौकोन असतो. चौकोनात टिक असेल तर तो भाग बनवायचा, नसेल तर सोडून द्यायचा. मी तो तक्ता उघडला. मुख्य भागापुढचा चौकोन रिकामा होता. मशीनला जे सांगितलं होतं ते त्यानं तंतोतंत केलं होतं. चुकलं काहीच नव्हतं, कारण तो भाग केलाच नव्हता.

मी टिक केली आणि बटण दाबलं. या वेळी मशीनचा तो ओळखीचा कुरकुर आवाज आला, छोटा लाल दिवा फडफडला आणि फोल्डरमध्ये एकामागून एक फाईली येऊ लागल्या. सीडी भरत असतानाच लाइट गेली. यूपीएस टीं टीं करू लागला. श्रीकांतभाऊंनी पंख्याची आणि दुसऱ्या मशीनची बटणं धावत जाऊन बंद केली, जसं काही त्यानं बॅटरी जास्त पुरणार होती. पुरली. भाऊंनी मला स्कूटरवर स्टँडवर सोडलं. समुद्रपूरची गाडी निघून गेली होती, म्हणून हिंगणघाटच्या गाडीनं गेले, आणि तिथून जामपर्यंत आणि पुढं काळी-पिवळी जीपनं, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली सीडी. जामजवळ काचेवर थेंब पडले. मी नुसती त्या थेंबांकडे बघत राहिले.

जिनिंगच्या फाटकाशी जीपमधून उतरले तेव्हा रांगेतली माणसं उठून उभी राहिली. त्यांनी वाट करून दिली. माधुरी काट्याच्या खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्या हातात सीडी दिली, तिनं ती घातली. वामनरावांच्या गाडीचं वजन पडद्यावर आलं, प्रिंटर कुरकुरला, चिठ्ठी बाहेर आली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, काट्याच्या डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिली आणि घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग बैल जुंपले. शेवटची गाडी खाली होईपर्यंत संध्याकाळ झाली. पाऊस भुरभुरला आणि गेला. शेठजींनी आम्हाला बळेबळे जेवायला बसवलं. मला वाटत होतं, यापेक्षा चांगलं काम जगात कुठलं असेल.

परतीच्या एसटीत माधुरी खिडकीशी बसली होती. त्या रिकाम्या चौकोनाची हकीकत मी तिला सांगितली. ती म्हणाली, “ती टिक मीच काढलती.”

टिक दिसली नाही तेव्हाच मला ते कळलं होतं. समुद्रपूरला निघायच्या आधी ऑफिसात वजनाचा छोटा भाग तपासताना प्रत्येक वेळी सगळा प्रोग्राम बनायला वेळ लागायचा, म्हणून तिनं मुख्य भाग बाजूला ठेवला होता, आणि पुन्हा लावायचा राहिला. आमच्या धंद्यात हे कुणाचंही होतं. मी तिला तसं म्हटलं. हेही म्हटलं की त्यापायी आपल्याला आजचा दिवस पाहायला मिळाला. तिनं डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं. मला वाटलं, दमली असेल.

दिवाळीनंतर तिनं सांगितलं की ती पुण्याला जाते आहे. तिथल्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. मी आनंदानं तिच्या आईकडे पेढे घेऊन गेले. मला जाणं शक्य नव्हतं. माझं लग्न झालेलं होतं, यजमान पिपरी मेघेच्या शाळेत शिक्षक, सासूबाई अंथरुणावर. आणि खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं. मला वाटायचं, तीच परत येईल.

तिच्या जागी मुलं आली, हुशार होती, वर्ष-दोन वर्षांत नागपूरला नाहीतर पुण्याला गेली. काम चाललं. पुढं सीडीही गेली, ऑफिसातून बटण दाबलं की गिऱ्हाइकाच्या मशीनवर नवा प्रोग्राम आपोआप उतरू लागला. एसटीनं जायचं कारण उरलं नाही. देवळीचे गृहस्थ कसे आहेत, शेठजींचं जिनिंग कसं चाललं आहे, हे कळेनासं झालं. ‘यशस्वी’ म्हणून फोल्डर रिकामं ठेवण्याचे प्रकार मात्र अधूनमधून व्हायचे, आणि मी ते शोधून काढायची. नव्या मुलांना त्याचं कौतुक वाटायचं. सापडलं की मी सवयीनं उजव्या बाजूला वळायची, आणि तिथं जो कोणी बसलेला असेल तो कानातले बोळे काढून विचारायचा, “काय झालं मॅडम?” मी म्हणायची, काही नाही. श्रीकांतभाऊ थकले, त्यांनी ऑफिस बंद केलं. काही वर्षं मी एका संस्थेत शिकवलं आणि मग तेही पुरे केलं.

माधुरीचे फोन यायचे, आधी पुण्याहून, मग परदेशातून, मग पुन्हा पुण्याहून. वाढदिवसाला, दिवाळीला. गेल्या हिवाळ्यात ती भावाच्या मुलीच्या लग्नाला वर्ध्याला आली आणि परत जायच्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आली. मी तिच्यासाठी वांग्याची भाजी आणि भाकर केली होती. मुलांचं झालं, गुडघ्यांचं झालं, तिच्या यजमानांच्या शस्त्रक्रियेचं झालं. मग मी समुद्रपूरची गोष्ट काढली. इतकी वर्षं ती मी ज्याला त्याला सांगत आले होते, पण जिला ठाऊक होती तिच्यासोबत एकदा सांगायची होती.

ती ताटावरून हात न उचलता म्हणाली, “ते नको काढू पुष्पे.”

मी थांबले. मग तिनंच सांगितलं. त्या कठड्यावर ती उभी होती. सगळी माणसं तिच्याकडे बघत होती, त्यांचा वर्षाचा कापूस उघड्यावर होता, आणि मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हाच तिला आठवलं होतं की आपण काहीतरी काढून ठेवलं आहे, पण काय ते आठवत नव्हतं. त्या दिवशीच तिनं ठरवलं की जिथं आपल्या चुकीपुढं माणसं रांगेत उभी असतात तिथं राहायचं नाही. पुण्याला तिच्यापुढं कधी कोणी उभं राहिलं नाही. चूक झाली तर ती एका यादीत जायची आणि कुणीतरी दुसराच ती दुरुस्त करायचा. तिला ते बरं वाटायचं. अजूनही कधीकधी तिला त्या बंड्या स्वप्नात दिसतात, असं ती म्हणाली.

ज्या दिवसावर मी आयुष्यभर जगले, तो तिला विसरायचा होता. मी तिला भाजी वाढली. तिनं नको म्हटलं नाही.

दुपारी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी वेळेवर आली. ती सामान ठेवून दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, इतकं वाईट होतं ते काम, तर तू इतकी वर्षं कशी काढली? मला नुसतं विचारायचं होतं, पण आवाज जरा चढला असावा.

ती म्हणाली, “मले ते काम कधीच आवडलं नाई. तू बाजूले बसत होती म्हणून येत होती मी.”

गाडी हलली. ती हात हलवत राहिली आणि मी तशीच उभी राहिले.

घरी येऊन चहा टाकला, तो तसाच गॅसवर ठेवून मी फोन लावला. गाडी पुलगावच्या आसपास असेल. तिनं उचलला.

“काय वं?”

“काही नाई. जागा नीट भेटली ना?”

“भेटली. खिडकीजवळची हाये.”

मग ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. गाडीचा आवाज येत होता. तिच्याकडे कुणीतरी चहा विकत गेलं. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पुढं कुठंतरी रेंज गेली.